विहिरीवरचा राडा

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत हल्ली माणसं फिरायला येतात. फिरायला म्हणजे आमची घरं बघायला. अंधेरी स्टेशनवरून रिक्षा करून येतात, गळ्यात कॅमेरे, पायात महागातले बूट. पुढे एक पोरगी असते, ती हात वर करून सांगते की हे जुनं गावठाण, मध्ये मरायला टेकलं होतं, आता पुन्हा जिवंत झालंय. मग सगळे रंगवलेल्या भिंतींसमोर उभे राहून फोटो काढतात, विहिरीच्या कठड्यावर बसून चहा पितात आणि किती छान, किती शांत, असं म्हणतात. परवा त्या पोरीने मला गाठलं. मी कठड्यावर बोंबील साफ करत बसले होते. म्हणाली, काकी, तुम्ही इथल्या जुन्या ना, हे सगळं कसं झालं, जरा सांगा की यांना.

मी म्हटलं, मारामारी करून.

सगळे हसले. त्यांना वाटलं बाई विनोदी आहे. मग मी डावा हात वर करून करंगळीच्या शेजारचं बोट दाखवलं. मधल्या पेरात ते वाकडं झालंय आणि आता सरळ व्हायचं नाही. तेव्हा हसणं जरा कमी झालं.

खोटं कशाला सांगू, या लोकांवर माझा राग नाही. येतात, चहा पितात, जातात. पण 'शांत' म्हणतात तेव्हा डोक्यात तिडीक जाते. या विहिरीवर रक्त सांडलंय. थोडं माझं, बरंचसं दुसऱ्याचं. ते सांडलं नसतं तर आज बसायला हा कठडा मिळाला नसता.

आधी कोण कुठलं ते सांगते. आमची चाळ गावठाणाच्या पाठीला लागून आहे. चाळीत आम्ही सगळे कोकणातले. माझा बाप मालवणाकडचा, गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाला आणि वॉचमन म्हणूनच गेला. गावठाणातली माणसं ख्रिस्ती, घरात मराठीच बोलणारी, आमच्या कितीतरी आधीपासून इथली. आता काचेची ऑफिसं आहेत तिथे त्यांची भाताची शेतं होती. दोन्ही वस्त्यांच्या मधोमध विहीर, बाजूला उंबराचं झाड आणि एक दगडी क्रूस. माझी मैत्रीण त्या बाजूची. शाळेत आम्ही एका बाकावर होतो आणि पुढे नशिबाने एका भिंतीच्या दोन बाजूंना आलो. मी लग्न होऊन आमच्याच चाळीतल्या शेवटच्या खोलीत गेले, तिची मागची भिंत म्हणजे मैत्रिणीच्या घराची भिंत. तिचे वडील वारले होते, घर मोठं होतं, म्हणून तिचा नवरा लग्नानंतर तिच्याकडेच राहायला आला. घरात ती दोघं आणि तिची आई.

त्या भिंतीतून मी तिचा सगळा संसार ऐकला. आधी एखादं भांडं पडायचं. मग त्याचा आवाज, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग धप्प. माणसाची पाठ भिंतीला लागल्याचा आवाज वेगळा असतो, तो ओळखायला मला फार दिवस लागले नाहीत. ती रडायची नाही, ओरडायचीही नाही. माझ्याकडे मसाला कुटायचा लोखंडी बत्ता आहे, आईने गावाहून आणलेला. तो घेऊन मी भिंतीवर आपटायचे, पोपडे पडेपर्यंत, आणि तोंडाने मालवणीत जे येईल ते. पलीकडे थोडा वेळ थांबायचं. गल्लीत बाकी कुणी हूं की चूं करायचं नाही, लोक टीव्ही मोठा करायचे. सकाळी ती सुजलेला ओठ घेऊन मागच्या बोळातून बाजारात जायची. विचारलं की म्हणायची, 'बाथरूममध्ये घसरले गं.' मी म्हणायचे, 'तुझ्या बाथरूमला दाढीमिश्या आहेत.' ती हसायची, ओठ दुखायचा म्हणून अर्धंच.

एकदा मी तिला धरून बसवलं. म्हटलं, सोड त्याला, पोलिसात जाऊ, मी येते सोबत. तेव्हा तिने जे सांगितलं ते ऐकून मला तिच्याही कानाखाली द्यावीशी वाटली. म्हणाली, 'त्याचं काय चुकतंय? माझ्या लग्नालाच नळाचं पाणी वापरलं.'

हे पाण्याचं जरा समजून घ्या. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणतात, म्हणजे उंबराखालच्या या विहिरीचं. बाया लुगडी नेसून, डोक्यावर कळशी घेऊन निघतात, पुढे बँड, मागे अख्खं गाव नाचत. विहिरीवर प्रार्थना म्हणायची, दारूचे चार थेंब विहिरीला द्यायचे आणि घरातल्या बाईने स्वतःच्या हाताने दोर ओढून पाणी काढायचं. दुसऱ्या दिवशी नवरीला त्या पाण्याने आंघोळ घालतात, मग चर्च. पण मैत्रिणीच्या लग्नाच्या वेळी विहिरीवर आधीच झाकण आणि कुलूप बसलं होतं. ज्याने लावलं तो आमच्याच गल्लीतला, विहिरीचं पाणी टँकरने विकणारा. तिच्या आईने त्याच्या दारात जाऊन हात जोडले, त्याने हाकलून दिलं. आई गरीब स्वभावाची, घाबरट. तिने गुपचूप घरातल्या नळाखाली कळशी भरली, वर उंबराची दोन पानं टाकली आणि बँड लावून तीच मिरवली.

पुढे नवरा मारायला लागला आणि मैत्रिणीच्या डोक्यात एकच बसलं, की पाणी खोटं होतं. नवऱ्याला ती कधी उलट बोलली नाही. आईला मात्र तिने सोडलं नाही. 'तू नळाचं आणलंस, तू माझं वाटोळं केलंस,' हे मी भिंतीतून किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही. आई त्याच घरात, त्याच चुलीशी, कधी एक शब्द बोलली नाही. म्हातारपणी अंथरुणाला खिळली तेव्हा नळाचं पाणी तोंडाला लावू द्यायची नाही. ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि म्हणायची, विहिरीचं द्या. विहिरीला तर कुलूप. मग मी माझ्या माठातलं तांब्याभर न्यायचे आणि विहिरीचं म्हणून पाजायचे. म्हातारी तशीच गेली. पुढे काही वर्षांनी नवराही दारूने गेला. मैत्रीण आणि तिची मुलगी, दोघीच उरल्या.

आता टँकरवाल्याचं. बाप मेल्यावर धंदा मुलाकडे आला, मी सांगते तो हा मुलगा. तो काही बाहेरून आलेला गुंड नव्हता. लहानपणी आमच्या शिमग्याला होळीभोवती बोंबा मारायला सगळ्यात पुढे हाच असायचा. त्याने झाकण काढून लोखंडी जाळी ठोकली, मोटर बसवली आणि जिकडेतिकडे टॉवर उठत होते त्यांना पाणी विकायला लागला. गल्ली एवढीशी, टँकर केवढा. दिवसभर एक आत, एक बाहेर, मागे घेतानाचा तो पीं पीं आवाज डोक्यात भिनलेला. आधी भाजीवालीची टोपली चाकाखाली गेली, ती उठून दुसरीकडे बसायला लागली. मग एक कुत्री पिल्लांसकट चिरडली, आणि ते रस्त्यावरून खरवडून काढायला कुणी तयार नव्हतं. मग एक दिवस टँकरने क्रूस पाडला. कुणाच्या आज्याने उभा केलेला, देव जाणे, तो दोन तुकडे होऊन गटारात पडला. ड्रायव्हरने उतरून आधी आपल्या गाडीचा दिवा फुटला का ते बघितलं. म्हाताऱ्यांनी बाहेर बसणं सोडलं, पोरांचं खेळणं बंद झालं, तरुण जोडपी मिळेल तिथे निघून गेली. गाव मेलं म्हणतात ते असं मरतं, एकेक दार लागत.

क्रूस पडला तेव्हा माझा नवरा समजवायला गेला. तो क्लार्क माणूस, जन्मात झुरळ मारलं नाही त्याने. 'अरे भाऊ, असं बरं दिसत नाही,' एवढंच म्हणाला. टँकरवाल्याने एक अक्षर न बोलता त्याच्या तोंडावर पान्हा हाणला. पुढचे दोन दात गेले. चौकीत साहेब म्हणाले, एकाच गल्लीतले आहात, आपसात मिटवा. नवरा घरी आला, आरशात बघितलं आणि म्हणाला, 'आता शीळ चांगली वाजेल.' मला हसू आलं नाही. मला त्या टँकरवाल्याचा जीव घ्यायचा होता, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. मी खाली वाकून लादीवरचं रक्त पुसलं आणि फडकं धुवायला टाकलं.

मग मैत्रिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा कांदिवलीचा, चांगल्या नोकरीत, टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर घर. बोलायला गोड, येताना दरवेळी केक आणायचा. मैत्रिणीने त्याच्याबद्दल कुठे फारशी चौकशी केली नाही. तिला ती सुचलीच नाही. तिचं सगळं चित्त एका गोष्टीत. 'पाणी विहिरीचं पायजे,' म्हणाली. 'माझ्या पोरीचं माझ्यासारखं व्हायचं नाही.' मी म्हटलं, बाई गं, पाण्याचा काय दोष, तुझा नवराच हलकट होता. ती म्हणाली, 'तू भिंतीच्या पलीकडे होतीस. मार मी खाल्लाय. मला माहितीय तो कशामुळे खाल्ला.'

आम्ही दोघी टँकरवाल्याकडे गेलो. तो विहिरीजवळ खुर्ची टाकून बसलेला, मोटर चालू. मैत्रीण म्हणाली, फक्त एक कळशी, दोराने काढू आणि लगेच जाऊ. तो हसला. 'एक कळशी काय घेऊन बसलीस, अख्खा टँकर पाठवतो लग्नाला. फुकट. आपल्या गल्लीची पोरगी आहे.' मैत्रीण म्हणाली, टँकर नको, हाताने काढायचंय. तेव्हा त्याचं हसू मावळलं. 'जाळी उघडणार नाही. आज तुझ्यासाठी उघडली की उद्या सगळे बादल्या घेऊन येतील.' तो मूर्ख नव्हता, पुढे झालं अगदी तसंच. परत येताना मैत्रीण म्हणाली, 'मग नळाचंच आणावं लागणार.' हे ती इतक्या हळू म्हणाली, अगदी आईच्या आवाजात, की माझं डोकंच फिरलं. म्हटलं, 'गप्प बस. बँड सांगितलायस ना? मग उद्या निघायचं. कुलपाचं मी बघते.'

लग्नाच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर बँड वाजायला लागला. बँड म्हणजे गावठाणातलेच म्हातारे. त्यातला ट्रम्पेटवाला कानाने ठार बहिरा, डोळे मिटून वाजवणारा. मी चाळीत कुणाला बोलावणं केलं नव्हतं. पण वाजलेलं ऐकून आमच्या लोकांना घरात बसवत नाही, पायात येतं. आधी बाया आल्या, मग त्यांचे नवरे लुंगीवरच, मग सगळेच. गावठाणातली लागलेली दारंही उघडली. सगळ्यांत पुढे मैत्रीण, लाल लुगडं, डोक्यावर तिच्या आईची तांब्याची कळशी, तीच, जी नळाखाली भरली होती. तिच्या शेजारी मी, पदर खोचून. पदरात बत्ता.

टँकरवाला जाळीसमोर उभा होता. हातात पहार, मागे त्याचे ड्रायव्हर. 'पुढे यायचं नाही,' म्हणाला. मैत्रीण चालत राहिली. मला अजून वाटतं, तिला तो दिसलाच नसावा, तिला फक्त विहीर दिसत होती. त्याने पहार आडवी धरून तिला छातीवर ढकललं. ती मागे कोसळली, कपाळ कठड्यावर आपटलं, कळशी गडगडत माझ्या पायाशी आली.

मी कळशी उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. तांब्याची जड कळशी ती. सुकी काटकी मोडावी तसं नाक मोडलं. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, म्हणून पुन्हा हाणली. 'मेल्या, तुजा वाटोळा होवंदे,' असं मी म्हणत होते, आणि लोक सांगतात की ओरडत नव्हते, भाजी निवडताना बोलावं तशा आवाजात तेच तेच म्हणत होते. पुन्हा हात उचलला तेव्हा त्याने पहार टाकून माझा पंजा पकडला आणि बोट मागे मोडलं. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. पुढचं मला दिसलं ते एवढंच, की माझा नवरा त्याच्या पाठीवर चढलाय आणि त्याचा कान चावतोय. पुढचे दात नाहीत म्हणून बाजूच्या दाढांनी.

मग राडा झाला. नाक्यावर बसून रंगवून सांगतात तसला नाही, खरा. एका ड्रायव्हरने पट्टा काढला, त्याचं बक्कल चाळीतल्या एका बाईच्या भुवईवर बसलं. तिच्या डोळ्यांत रक्त उतरलं आणि ती भलत्याच माणसाला झोडपत सुटली. दुसरा ड्रायव्हर चिखलात पडला. त्याच्यावर आमच्या लोकांनी इतक्या लाथा घातल्या की शेवटी मलाच ओरडावं लागलं, पुरे, मरेल तो. त्याचा एकट्याचा काय गुन्हा, पण इतक्या वर्षांची भीती त्याच्या बरगड्यांवर निघाली. टँकरची काच फुटली. कुणीतरी कोयत्याने पाइप कापला, मोटर चालूच होती, तर पाइप वळवळत सगळ्यांच्या तोंडावर पाणी मारत राहिला. आणि ट्रम्पेटवाला आमच्याकडे पाठ करून, डोळे मिटून वाजवतच होता. तो थांबेना म्हणून बाकीचे बँडवालेही थांबले नाहीत. लग्नाचं गाणं चालू आणि खाली माणसं एकमेकांचे केस उपटतायत.

कुलूप मी बत्त्याने तोडलं, उजव्या हाताने. इतकी वर्षं भिंत बडवलेला हात होता, फार वेळ लागला नाही.

तोवर मैत्रीण उठली होती. कपाळातून रक्त ओघळत लुगड्यावर येत होतं, लाल लुगड्यात दिसत नव्हतं. कळशीच्या पोटाला मोठा पोचा आलेला. तिने दोर बांधला, खाली सोडला आणि ओढला, कुणाला हात लावू दिला नाही. वर आलं ते पाणी कसलं, डिझेलचा तवंग आणि खाली गाळ. तिने पदरातून गाळून घेतलं. दारूची बाटली मारामारीत फुटली होती, ते थेंब द्यायचे राहिले. मग तिने कळशी डोक्यावर घेतली आणि आम्ही नाचत परत आलो. खरंच नाचत. माझं बोट वांग्यासारखं सुजून जांभळं पडलं होतं आणि मी नाचत होते. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये आमच्या बाजूच्या निम्म्या माणसांना टाके होते, नवरदेवाकडचे टकामका बघत होते. मैत्रीण कपाळाला पट्टी बांधून अशी हसत होती, शाळेनंतर मी तिला तसं हसताना पाहिलंच नव्हतं.

तक्रारी दोन्हीकडून झाल्या. अख्खी गल्ली चौकीत जाऊन बसली, आणि या खेपेला साहेब आपसात मिटवा म्हणाले ते आम्हाला बरं पडलं. टँकरवाला नाकाला पट्टी लावून सांगत फिरायला लागला, बघतो एकेकाला, परत जाळी ठोकतो. म्हणून आम्ही राखण सुरू केली. आज ज्याला जिवंत होणं म्हणतात त्याची सुरुवात एवढीच आहे. त्याने पुन्हा कुलूप लावू नये म्हणून विहिरीवर सतत कुणीतरी बसायचं. सकाळी म्हातारे, दुपारी बाया, संध्याकाळी कामावरून आलेले. नुसतं बसून काय करणार, बाया मासळी तिथेच साफ करायला लागल्या. कुणी कॅरम आणला, कुणी चहाची किटली. टँकर गल्लीत शिरला की सगळ्या खुर्च्या रस्त्याच्या मधोमध. एकदा ड्रायव्हरने गाडी अंगावर घातली, एका म्हाताऱ्याची खुर्ची चाकाखाली चेपली. म्हातारा वेळेत उठला, त्याला एक शिवी दिली आणि शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला. तो ड्रायव्हर पुन्हा आला नाही.

पुढे टँकर यायचेच थांबले. गाळ आम्हीच उपसला, कितीतरी रविवार घालवले त्यात. भाजीवाली परत आली. क्रूसाचे तुकडे गटारातून काढून सिमेंटने जोडले, जोड अजून दिसतो. आमची होळी विहिरीसमोर पेटायला लागली आणि त्यांच्या संध्याकाळच्या प्रार्थना क्रूसापाशी. भांडणं होतात, कचऱ्यावरून, मोठ्याने लावलेल्या गाण्यांवरून, रोज होतात. पण बाहेर होतात, सगळ्यांदेखत. भिंती रंगवायला कॉलेजची पोरं आली ती फार नंतर. टँकरवाला इथेच राहतो अजून. त्याचं नाक वाकडं, माझं बोट वाकडं. समोरासमोर आलो की दोघंही दुसरीकडे बघतो.

इथवरची गोष्ट मी त्या फिरायला आलेल्यांना सांगितली असती. पुढची सांगितली नसती.

लग्नाला वर्ष व्हायच्या आतच, एका दुपारी, मैत्रिणीची मुलगी गल्लीत आली. तिची आई तोंड लपवून जायची तो मागचा बोळ आता बंद आहे, तिथे टॉवरची भिंत आली. आत यायचं तर विहिरीवरूनच यावं लागतं. विहिरीवर आम्ही बाया होतो, मैत्रीण माझ्या शेजारी बोंबील कापत होती. पोरीने काळा गॉगल लावला होता आणि ओढणी तोंडाशी धरली होती. मैत्रिणीने उठून तिची ओढणी बाजूला केली. वरचा ओठ फाटलेला, एक दात अर्धा.

'काय झालं?'

'बाथरूममध्ये घसरले.'

मैत्रिणीच्या हाताला मासळीचं पाणी, ते हात तसेच पुढे धरलेले. माझं तोंड सुटलं होतं, मी त्या जावयाला, त्याच्या टॉवरला, त्याच्या केकला, सगळ्याला शिव्या घालत होते. तिथे वरच्या मजल्यावर भिंतीवर बत्ता आपटणारं कोण होतं तिला. मला वाटलं मैत्रीण पोरीला जवळ घेईल, रडेल. ती माझ्याकडे वळली.

'पाणी विहिरीचंच होतं ना गं?'

म्हटलं, 'होतं.'

'मी स्वतः ओढलं. तू होतीस.'

'होते.'

'मग माझ्या आईने काय केलं होतं?'

ती खाली जमिनीवर बसली. इतकी वर्षं मार खाताना जिने कधी तोंडातून आवाज काढला नाही ती ओरडायला लागली. 'माझ्या आईने काय केलं होतं गं,' एवढंच, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी कपाळ फरशीवर आपटत. कठड्यावर फुटलेली ती जुनी खूण परत फुटली. आम्हा सगळ्या बायांना मिळून तिला धरावं लागलं. पोरगी गॉगल काढून एका बाजूला उभी होती, तिचा एक डोळा काळानिळा झालेला. ती म्हणत होती, 'आई, मी परत नाही जाणार, खरंच नाही जाणार,' आणि आईला ते ऐकूच येत नव्हतं.

पुढच्या रविवारी जावई न्यायला आला, केक घेऊन. गल्ली भरलेली होती. त्याला बघून कॅरम थांबला, किटली खाली ठेवली गेली, खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. कुणी काही ठरवलेलं नव्हतं, लोक नुसते उभे राहिले. तो म्हणाला, गैरसमज झालाय, आत बसून बोलू. आत म्हणजे दार लावून. मैत्रीण म्हणाली, 'इथेच बोल.' तो हसत पुढे आला आणि तिला बाजूला सारायला त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. जिने जन्मात कुणाला चापट मारली नव्हती त्या बाईने त्याच्या अशी मुस्काटात दिली की केक पालथा पडला. मग दुसरी दिली. मग तो भिंतीला टेकेपर्यंत देत राहिली. त्याने हात उचलला, आजूबाजूला बघितलं आणि खाली घेतला. माझ्या नवऱ्याने त्याला रिक्षापर्यंत सोडलं, अगदी सभ्यपणे, कानाला धरून. टँकरवाला आपल्या खिडकीतून उठून खाली यायला निघाला होता म्हणे. कुणाच्या बाजूने, ते आम्ही विचारलं नाही.

पोरगी आता इथेच राहते, सांताक्रूझला कामाला जाते. केस चालू आहे. मैत्रीण पाण्याबद्दल पुन्हा एक शब्द बोलली नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.

नोव्हेंबरात त्यांच्यात मेलेल्यांच्या कबरी साफ करतात, फुलं, मेणबत्त्या लावतात. मैत्रीण आईच्या कबरीवर कधी जायची नाही. या वर्षी सकाळीच ती विहिरीवर आली, हातात ती पोचा आलेली कळशी. दोर सोडला, पाणी ओढलं. विहिरीचं पाणी आता स्वच्छ आहे, तळाचा दगड दिसतो. कळशी डोक्यावर घेऊन ती चालायला लागली. मी हातातलं काम टाकून मागोमाग गेले. चर्चच्या मागे, कबरींच्या रांगेत, तिच्या आईचा दगड गवतात बुडून गेला होता. तिने ते हाताने उपटून काढलं, पाती तीक्ष्ण, बोटं कापली तरी थांबली नाही. पदर भिजवून दगडावरचं नाव पुसलं. मग कळशी जवळ ओढली, ओंजळीत पाणी घेतलं आणि आईचं तोंड जिथे असेल त्या जागी ती वाकली.

'घे,' ती म्हणाली. 'पी. विहिरीचं आहे.'